नवशिक्याच्या हातात पहिलं पिस्तूल: १० मीटर एअर पिस्तूल, मूठ, ट्रिगर आणि साइट

उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्या नवशिक्याचे पहिल्या आठवड्यातले छर्रे बहुतेक वेळा एकाच बाजूला जातात: खाली आणि डावीकडे. पालकांना वाटतं नेम चुकतो, दुकानदार सांगतो साइट फिरवा. दोन्ही खरं नाही. ट्रिगर सुटायच्या क्षणी मूठ आवळली जाते, मनगट खाली झुकतं आणि नळीचं तोंड वळतं. ज्या पिस्तुलात हा दोष लपत नाही आणि वाढतही नाही, ते शिकवण्यासाठी मवाळ पिस्तूल. नुसता धक्का कमी म्हणजे मवाळ, असं धरून खरेदी केली की पैसे चुकीच्या जागी जातात.

म्हणून इथे आम्ही पिस्तुलं चार गोष्टींवर तोलली आहेत. पुढच्या टोकाला वजन किती येतं, मूठ लहान हाताला बसते का, ट्रिगर स्वच्छ सुटतो का, आणि छर्रा न घालता रिकामा सराव, म्हणजे ड्राय फायर, करता येतो का. अचूकता या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. बऱ्या अवस्थेतलं कुठलंही मॅच, म्हणजे स्पर्धेचं, पिस्तूल टेकूवरून पाच छर्रे ११.५ मिमीच्या, दहा गुणांच्या वर्तुळात आरामात टाकतं. नवशिक्याला त्याहून जास्त अचूकता लागत नाही.

सुरुवात ४.५ मिमी एअर पिस्तुलावरच करावी. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. आपल्याकडे ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असली तर एअरगनला परवाना लागतो, त्यामुळे १० मीटरची पिस्तुलं त्या मर्यादेच्या बरीच आत राहतात. .२२ पिस्तुलाला, म्हणजे काडतुसाच्या छोट्या पिस्तुलाला, मात्र शस्त्र परवाना हवा, नाहीतर ज्या रेंजवर ते देखरेखीखाली मिळतं तिथे जावं लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, ते .२२ वर. तिथवर जायचं असलं तरी पाया १० मीटरवर, एका हातावर आणि भिंग-दुर्बीण नसलेल्या उघड्या साइटवर घातला जातो.

आता जे घेऊ नये ते आधी. नळी मोडून स्प्रिंग ताणायची स्वस्त पिस्तुलं खेळाच्या दुकानात सहज मिळतात आणि हौसेने घेतली जातात. शिकवण्यासाठी ती वाईट आहेत. ट्रिगर सुटल्यावर आतला जड पिस्टन आधी धावतो, पिस्तूल मागे ढकललं जातं. पिस्टन टोकाला आदळला की ते पुढे हिसकतं. हे सगळं छर्रा नळीत असतानाच होतं. त्यामुळे मूठ थोडी घट्ट धरली किंवा सैल धरली एवढ्यानेच छर्रे पडायची जागा बदलते, आणि शिकणाऱ्याला चूक आपली की यंत्राची हे कधीच कळत नाही. शिवाय रिकामं सोडलं तर हवेची उशी मिळत नाही, पिस्टनचं सील फाटतं, म्हणजे ड्राय फायर बंद. लहान मुलांना नळी मोडून ताणता येत नाही, ती पिस्तूल पोटाशी धरून जोर लावतात आणि त्या झटापटीत नळीचं तोंड कुठेही फिरतं. एवढ्या एका कारणासाठीही आम्ही ते मुलांच्या वर्गात घेणार नाही.

खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी सीओटू गॅसवरची पिस्तुलंही बाजूला ठेवा. त्यांचा ट्रिगर लांब आणि जड, आणि गॅसचा दाब तापमानाबरोबर बदलतो. भराभर झाडलं की गॅस थंड होतो आणि छर्रे खाली उतरायला लागतात. पुण्यात जानेवारीच्या सकाळी लावलेली साइट दुपारी तशीच राहत नाही. शिकणाऱ्याने तेवढ्यात आपलं तंत्र बदललेलं असतं.

मग उरतात दोन घराणी. पहिलं एका दाबात हवा भरणारं, ज्यात दर वेळी हाताने तरफ ओढून एका फटक्यापुरती हवा कोंडायची. दुसरं आधीच हवा भरलेल्या सिलिंडरचं, ज्याला सगळे पीसीपी म्हणतात. दोन्हींत झाडताना जड काही हलत नाही, म्हणून धक्का जवळपास नाही.

पहिल्या घराण्यात जर्मनीच्या वायराउखचं एचडब्ल्यू ४० हे घरगुती सरावासाठी चांगलं पिस्तूल आहे. अमेरिकेत तेच बीमन पी३ या नावाने विकलं गेलं. अंग पॉलिमरचं, वजन पाऊण किलोच्या जरा वर, वरचा भाग उचलून उघडायचा आणि दाबून बंद करायचा. बंद करतानाचा शेवटचा दाब चांगलाच कडक आहे. मोठ्यांना चालतो, दहा-बारा वर्षांच्या मुलांना नाही. ट्रिगर दोन टप्प्यांचा आणि या दर्जाच्या मानाने स्वच्छ. उणीव साइटची. पुढे लाल आणि मागे हिरवे चमकते तंतू आहेत. ते बाटलीवर किंवा डब्यावर झटकन नेम धरायला बरे. कागदी लक्ष्यावर काटेकोर शिकवायला नाहीत, त्याचं कारण साइटच्या भागात येईल. मूठ दोन्ही हातांना चालेल अशी सपाट आहे, त्यामुळे डावखुऱ्यांची सोय होते, पण तळहाताला टेकू देणारी पट्टी नाही. आमचं मत: दुकान-रेंजपासून दूर राहणाऱ्या, आठवड्यात दोनदा अंगणात किंवा गच्चीवर भिंतीसमोर सराव करणाऱ्या प्रौढ नवशिक्याला हे पुरेसं आहे. स्पर्धेचा विचार असेल तर यात पैसे अडकवू नका.

रशियाच्या इझेव्स्कचं आयझेडएच-४६एम हे त्याच घराण्यातलं खरं मॅच पिस्तूल. ट्रिगर अनेक बाजूंनी लावता येतो, मूठ लाकडी आणि तळहाताची पट्टी सरकणारी, साइट साधी काळी. वरचं झाकण उचललं की ट्रिगर चढतो, हवा न भरता रिकामा सराव होतो. हवा भरायचा कुठलाही खर्च नाही, पंप नको, सिलिंडरची मुदत नको. जुनं मिळालं तरी सीलं बदलून वर्षानुवर्षं चालतं. मग दोष कुठे? वजनात. सव्वा किलोच्या वर भरतं, आणि त्यातला बराच भाग पुढे. मनगटापासून ३० सेंमी पुढे टांगलेले १०० ग्रॅम हे १० सेंमीवरच्या ३०० ग्रॅमइतके ओढतात. सोळा-सतरा वर्षांच्या दणकट मुलाला हे झेपतं. त्याहून लहानांना विसाव्या फेरीत खांदा उचलून पिस्तूल धरायची सवय लागते आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही. दर छऱ्याला लांब तरफ पुढे-मागे ओढायची असल्याने साठ फेऱ्यांनंतर झाडणारा हातच थकतो. तरफ दुसऱ्या हाताने ओढायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

क्लब, शाळा किंवा ज्या घरात मूल दोन वर्षं तरी खेळणार हे नक्की आहे, तिथे मात्र पीसीपीच. ऑस्ट्रियाच्या स्टायरचं एलपी२, हॅमर्लीचं एपी२०, फाइनवेर्कबाऊचं मुलांसाठीचं आखूड पी११ पिकोलो ही या कामाची पिस्तुलं. स्टायरचं एलपी१० आणि एलपी२ यांत मुख्य फरक असा, की एलपी१० मध्ये झाडतानाचा उरलासुरला हिसका जिरवणारी सरकती व्यवस्था आहे, एलपी२ मध्ये नाही. नवशिक्याला हा फरक हाताला जाणवतसुद्धा नाही, पण किमतीत जाणवतो. शिकवण्यासाठी एलपी२ घ्यावं आणि वाचलेल्या पैशात योग्य मापाची दुसरी मूठ घ्यावी. एपी२० ची चौकट प्लॅस्टिकची, वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. बारा-चौदाच्या वयाला ते छान बसतं. त्याहून बारीक अंगाच्या मुलांना पिकोलो. ही सगळी आयात पिस्तुलं लाखाच्या पुढे जातात, म्हणून क्लबने एका मुलामागे एक असा हिशेब न करता चार मुलांमागे एक पिस्तूल आणि प्रत्येक मापाची एकेक मूठ, असा हिशेब करावा. मूठ एका स्क्रूने निघते, दोन मिनिटांत बदलते.

वजन झेपतं का हे पाहायची सोपी कसोटी: मुलाने पिस्तूल लक्ष्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १४० सेंमीवर, १५ सेकंद एका हाताने धरावं, खाली घ्यावं, मिनिटभर थांबावं. असं दहा वेळा. सातव्या-आठव्या वेळी कंबर मागे वाकायला लागली किंवा खांदा कानाकडे चढला तर पिस्तूल जड आहे. पुढची वजनं काढा, छोटा सिलिंडर लावा. स्पर्धेच्या नियमात वरची मर्यादा १५०० ग्रॅम आहे, खालची मर्यादा नाही. हलकं पिस्तूल जास्त थरथरतं हे खरं, पण थकलेल्या हातातलं जड पिस्तूल त्याहून वाईट थरथरतं.

सिलिंडरविषयी थोडं कडक बोलावं लागेल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. २०० बार दाबाला भरलेला सिलिंडर म्हणजे खेळणं नव्हे. बनवणारे त्याला तारखेपासून १० वर्षांची मुदत देतात, तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, आणि स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. जुनं पिस्तूल घेताना आधी ती तारीख वाचा. दोन नवे सिलिंडर घ्यावे लागले तर "स्वस्तात मिळालं" हे गणित उलटतं. भरायची ती फक्त कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजन कधीच नाही, वेल्डिंगवाल्याकडचा तर अजिबात नाही: आतल्या ग्रीसशी त्याचा संबंध आला की स्फोट होतो. हवा हळू सोडा. घाईने भरली की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८० वर येतो.

हातपंप की पाणबुड्यांची टाकी? मुंबई-कोकणात हातपंपाने भरलेली पावसाळी हवा ओली असते. ते पाणी आत साचून हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये गंज धरतं, मग वेग वरखाली होतो आणि छर्रे उभ्या रेषेत पसरतात. आडवा पसारा बहुधा हाताचा, उभा पसारा अनेकदा हवेचा, हे लक्षात ठेवलं तर बरेच वाद मिटतात. वर्गाला टाकीच परवडते. हातपंपच असेल तर पाणी शोषणारी गाळणी लावलेला घ्या, पन्नास दांड्यांनंतर पंप थांबवून गार होऊ द्या, शेवटी पाणी सोडायचा स्क्रू उघडा. सिलिंडर कधी पूर्ण रिकामा करून ठेवू नका, थोडा दाब राहिला की झडप घट्ट बसते आणि दमट हवा आत शिरत नाही. ओ-रिंगला, म्हणजे जोडातल्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो. शिलाई मशीनचं तेल तिथे नको.

आता मूठ. पिस्तूल निवडताना लोक पन्नास प्रश्न विचारतात, मुठीचा एकही विचारत नाहीत, आणि नवशिक्याचे अर्धे प्रश्न मुठीतूनच येतात. मूठ मोठी असली की बोट ट्रिगरपर्यंत ताणून पोहोचतं, टोकाने ओढतं, छर्रा एका बाजूला जातो. मूठ लहान असली की बोट आत वळतं आणि दुसऱ्या पेराने दाबतं. बरोबर बसली तर तीन गोष्टी दिसतात: डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले की फ्रंट साइट, म्हणजे पुढची उभी खूण, मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध आपोआप असते, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ मागे दाब देतं आणि बोटाचा बाकी भाग लाकडाला टेकत नाही, तळहाताची पट्टी खालून टेकू देते पण चिमटत नाही. डोळे उघडल्यावर साइट सतत डावीकडे दिसत असेल तर मनगट फिरवून दुरुस्त करायला सांगू नका. मूठ फिरवा. बऱ्याच मॅच पिस्तुलांत मुठीचा कोन थोडा बदलता येतो.

लाकडी मूठ कापायला घाबरू नये, पण कापण्याआधी भर घालावी. जिथे पोकळी वाटते तिथे एम-सीलचा पातळ थर द्या, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून मुलाला पिस्तूल नेहमीच्या पकडीत धरायला लावा, ठसा उमटू द्या, रात्रभर वाळवा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे काढा. फार गुळगुळीत करू नका. घामट हातातून गुळगुळीत मूठ फिरते आणि आपल्याकडे आठ महिने हात घामटच असतात. क्लबच्या सामाईक मुठींवर मात्र ही कारागिरी नको. तिथे लहान, मध्यम अशा मापांवर भागवा.

ट्रिगरला स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम वजन उचलावं लागतं. शिकवताना आम्ही ५५० ते ६०० ठेवतो. पाचशेवर अगदी काठावर ठेवला तर तपासणीत पडायची भीती, आणि नवशिक्याच्या बोटाला इतका हलका ट्रिगर कळण्याआधीच सुटतो. दोन टप्प्यांत विभागणी करताना पहिल्या टप्प्याला चारशेच्या आसपास आणि दुसऱ्याला उरलेले द्या. पहिला टप्पा संपला की बोटाला भिंत लागल्यासारखं वाटलं पाहिजे. त्या भिंतीनंतर ट्रिगर सरपटत असेल तर दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू पाव फेरा फिरवून पाहा; एका वेळी एकच स्क्रू, आणि आधीची जागा पेन्सिलने खूण करून. प्रत्येक बदलानंतर तपासणीचं वजन टांगून पाहा. मोबाइलच्या व्हिडिओत पाहून चारही स्क्रू एकदम फिरवलेलं पिस्तूल पुन्हा जागेवर आणायला अर्धा दिवस जातो.

साइटकडे येऊ. जुन्या बंदुकवाल्यांच्या बोलीत पुढची ती माशी, मागची ती खाच. १० मीटर स्पर्धेत भिंग, दुर्बीण, लाल ठिपका काहीही चालत नाही, उघडी साइटच लागते. पण नियम आहे म्हणून नव्हे, शिकवायला तीच उत्तम म्हणून ती वापरावी. कारण आकड्यांत आहे. दोन साइटमधलं अंतर ३२० मिमी धरा. फ्रंट साइट खाचेत १ मिमी बाजूला गेली तर १० मीटरवर छर्रा ३१ मिमी सरकतो आणि सात गुण लागतात. उलट साइट एका ओळीत ठेवून सगळा हात १० मिमी बाजूला तरंगला, तर छर्राही १० मिमीच सरकतो आणि नऊ गुण लागतात. हाताची थरथर क्षम्य आहे, साइटची ओळ मोडणं नाही. हे गणित मुलांना फळ्यावर काढून दाखवा. थरथरीची भीती गेली की ट्रिगरचा झटका निम्मा कमी होतो.

फ्रंट साइटची रुंदी सगळ्यांना एकच देतात, ती चूक. लक्ष्यावरचा काळा भाग ५९.५ मिमी. प्रौढाच्या डोळ्यापासून फ्रंट साइट साधारण ९५ सेंमीवर असते, तिथली ४.५ मिमीची माशी १० मीटरवरच्या ४७ मिमीइतकी दिसते: काळ्यापेक्षा थोडी अरुंद, छान. बारा वर्षांच्या मुलाचा हात आखूड, त्याची माशी ७५ सेंमीवर. तीच ४.५ मिमी त्याला ६० मिमीची दिसते, म्हणजे काळा आख्खा झाकणारी. त्याला ३.५ किंवा ४ मिमीची माशी द्या. मागच्या खाचेची रुंदी मग अशी लावा, की माशीच्या दोन्ही बाजूंना तिच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका तरी उजेड दिसेल. अनुभवी नेमबाज तो कमी करतात. नवशिक्याला जास्त उजेड द्यावा, कारण दोन पांढऱ्या पट्ट्या सारख्या आहेत का हे डोळ्याला रुंद पट्टीत चटकन कळतं.

नेम काळ्याच्या मध्यावर धरायचा नाही, आणि काळ्याला खालून चिकटवायचाही नाही. खालच्या पांढऱ्या भागात धरायचा. काळ्यावर काळी माशी दिसत नाही. चिकटवून धरायला सांगितलं की मूल त्या एका क्षणाची वाट पाहतं आणि तो आला की ट्रिगर खेचतं. पांढऱ्यात जागा मोकळी असली की "या पट्टीत कुठेही चालेल" हे सांगता येतं. नजर माशीवर, काळा धूसर. धूसर दिसत नसेल तर मूल लक्ष्याकडे पाहतंय.

आता चमकत्या तंतूंचं कारण: उजेड ज्या बाजूने येतो त्या बाजूची कड तेजाळते, आणि डोळा ठिपक्याचा मध्य पाहू लागतो, वरची सपाट कड सोडून देतो. खिडकी डावीकडे असलेल्या रेंजवर त्यामुळे छर्रे एका बाजूला सरकतात. काळ्या साइटवरही ऊन थेट पडलं तर हे होतं, म्हणून झिजून चकाकणारी माशी काळी करून घ्या. मेणबत्तीच्या काजळीचा हलका धूर द्यायची जुनी रीत अजून सगळ्यात चांगली, फक्त त्या वेळी सिलिंडर काढून दूर ठेवायचा.

साइटचे स्क्रू फिरवताना एक सापळा आहे. जर्मन घडणीच्या साइटवर वरसाठी आणि खालीसाठी त्यांच्या भाषेतली अक्षरं असतात, आणि काहींत त्यांचा अर्थ "छर्रा वर लागत असेल तर इकडे फिरवा" असा असतो, "छर्रा वर न्यायचा असेल तर" असा नव्हे. वाद घालत बसू नका. टेकूवरून पाच छर्रे मारा, स्क्रू दहा टिचक्या एका दिशेने फिरवा, पुन्हा पाच मारा. दोन समूहांमधलं अंतर दहाने भागलं की तुमच्या पिस्तुलाची एक टिचकी किती ते कळतं. पिस्तुलाच्या डब्यावर लिहून ठेवा. आणि मुलाला पहिले तीन आठवडे स्क्रूला हात लावू देऊ नका. समूह बांधल्याशिवाय साइट हलवणं म्हणजे पळत्या एसटीच्या मागे थांबा हलवणं.

चाळिशीनंतर शिकायला येणाऱ्यांची अडचण वेगळी. लांबच्या चष्म्याने माशी धूसर, जवळच्या चष्म्याने लक्ष्यच गायब. लांबच्या नंबरात अधिक अर्धा ते पाऊण असा एकच नंबर केलेला चष्मा बहुतेकांना पुरतो. दोन भागांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा नको, मान वाकडी होते. न वापरायचा डोळा मिटायला लावू नका, दुसराही आकसतो. त्या डोळ्यापुढे ३० मिमीपर्यंत रुंदीची पांढरी अर्धपारदर्शक पट्टी नियमात बसते. उजवा हात आणि डावा डोळा प्रबळ असलेल्या मुलाला ही पट्टी पहिल्याच दिवशी लावून पाहा.

नेमाच्या जागी लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटला आमचा सरसकट विरोध नाही. अमेरिकेत राहणारी मराठी माणसं थेट .२२ वर शिकतात, तिथे रूगर मार्क फोर २२/४५ लाइटसारखं सातशे ग्रॅमच्या आसपासचं पिस्तूल आणि त्यावर छोटा लाल ठिपका ही रास्त सुरुवात आहे. ओळ जुळवायचं काम नाहीसं होतं, ट्रिगरवर लक्ष देता येतं. मात्र ठिपका थरथर मोठी करून दाखवतो आणि शिकणारा त्याचा पाठलाग करतो. उजेडाची पातळी इतकी कमी ठेवा की ठिपका जेमतेम दिसेल. मॅगझीनमध्ये पहिले दिवस एकच काडतूस भरा, कान झाका. जुनं मार्क फोर घेत असाल तर १ जून २०१७ पूर्वीच्या घडणीची पिस्तुलं सेफ्टीच्या दोषासाठी कंपनीने परत मागवली होती. दुरुस्ती झाली आहे का हे अनुक्रमांकावरून विचारून घ्या.

छर्रे सपाट तोंडाचे, ०.४५ ते ०.५ ग्रॅमचे. ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात. शिकताना महागड्या मॅच छऱ्यांची गरज नाही, पण डबा पडून घेर वाकलेले छर्रे टाकून द्या. शिसं आहे: सत्र संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. नळीत सुरक्षेची रंगीत दोरी लक्ष्याकडे तोंड केल्यावरच काढायची, आणि पिस्तूल टेबलावर ठेवताना परत घालायची. ही दोरी पिस्तुलाबरोबरच विकत घ्या, नंतर आणू म्हणून राहते.

पहिला दिवस टेकूवर, दोन्ही हातांनी, दहा रिकामे आणि मग पाच छर्रे कोऱ्या पांढऱ्या कागदावर. काळं लक्ष्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी. एक हात दुसऱ्या आठवड्यात. हात स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर पिस्तूल खाली, पुन्हा श्वास. मुलांना एका सत्रात तीस-चाळीस छर्रे पुरे, त्याच्या दुप्पट रिकामे.

वापरलेलं पिस्तूल घेताना सोबत तपासणीचं ५०० ग्रॅमचं वजन, नवा छऱ्यांचा डबा आणि साबणाचं पाणी घेऊन जा. सिलिंडरच्या जोडावर साबण लावून बुडबुडे पाहा, दाबाचा काटा वाचून तासाभराने पुन्हा वाचा. ट्रिगर चढवून मुठीवर तळहाताने हलकी थाप मारा. सुटला तर घेऊ नका. टेकूवरून वीस छर्रे मारा आणि पसारा उभा आहे की आडवा ते बघा. मूठ मापाची नसली तरी चालेल, ती बदलते. सिलिंडरवरची तारीख मात्र खोडलेली दिसली तर तिथूनच परत फिरा.